सांग्रियात कोणती बाटली ओतावी? नाशिक-अकलूजच्या वाईन्स, फळं आणि बर्फासकट

सांग्रिया म्हणजे वाईनमध्ये फळं, साखर आणि सोडा घालून केलेलं गार स्पॅनिश पेय. "सांग्रियाला काय, कुठलीही वाईन चालते," असं वाईनशॉपच्या काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. स्वस्त वाईन चालते हे खरं. कुठलीही मात्र चालत नाही, आणि घरची सांग्रिया फसते ती बहुतेक वेळा याच वाक्यावर विसंबून. पाहुणे येणार म्हणून कोणी हौसेनं ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी रेड आणतं. त्यात संत्री, सफरचंद, साखर, सोडा, बर्फ सगळं पुस्तकाबरहुकूम पडतं आणि शेवटी ग्लासात येतं ते तुरट, थोडं कडवट, लाकडाच्या भुशासारखा वास असलेलं लाल पाणी. मग दोष संत्र्यांना दिला जातो.

म्हणून हे परीक्षण बाटल्यांचं आहे, पण एका विशिष्ट कामासाठी. नुसती प्यायला वाईन कशी लागते हा इथे प्रश्नच नाही. संत्र्याचा रस, साखर, बर्फ आणि सोडा पडल्यावर तिच्यात काय शिल्लक राहतं, एवढंच पाहायचं. या कसोटीवर काही नावाजलेल्या बाटल्या मागे पडतात आणि काही साध्या पुढे येतात.

कारण सोपं आहे. रेड वाईनमधला तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, आणि पिंपात मुरवली तर लाकडातूनही. वाईन थंड केली की हा तुरटपणा जिभेला जास्त जाणवतो आणि गोडवा कमी जाणवतो. कोरा चहा गार झाला की जसा घशाला धरतो, तसंच. त्यात लिंबूवर्गीय फळांच्या सालीचा कडवटपणा मिसळला की दोन्ही मिळून तोंड आवळतात. वरून साखर घातली तर पेय गोड होतं, तुरटपणा मात्र जागचा हलत नाही. तेव्हा सांग्रियाची रेड कमी टॅनिनची, पिंपाचा वास नसलेली, फळाच्या चवीची आणि जराशी आंबट हवी.

या हिशेबानं नाशिकच्या सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आणि ग्रोव्हर झॅम्पाची ला रिझर्व्ह या दोन्ही बाटल्या इथे बाद. दोन्ही ओकमध्ये मुरवलेल्या, दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, मटणाच्या रश्शाबरोबर तर फारच. सांग्रियात त्या ओतणं म्हणजे वाईनचाही तोटा आणि फळांचाही. एकूणच, किमतीत चार आकडे दिसले की ती बाटली फळांसाठी नाही असं धरून चालावं.

रेडमध्ये सांग्रियासाठी सगळ्यात जमणारी निघते ती फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेजे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात या इटालियन द्राक्षाची लागवड आहे. मुळात हे द्राक्ष आंबटपणा धरून ठेवणारं, चव लाल चेरी-आलुबुखाराच्या अंगानं जाणारी, आणि रंग फार गडद नाही. बर्फ वितळल्यावरही तिच्यातला आंबटपणा जाणवत राहतो. ही गोष्ट उष्ण प्रदेशातल्या वाईनमध्ये सहसा मिळत नाही. उन्हात द्राक्षं पिकली की त्यांतलं आम्ल झपाट्यानं उतरतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच रेड्स अंगानं भरलेल्या पण आंबटपणात कमी पडतात. स्पॅनिश कृती जशीच्या तशी केली की आपली सांग्रिया सपक लागते ती यामुळेच. त्यावर इलाज लिंबाचा, पण त्याकडे पुढे येऊ.

सुलाची शिराझ-काबर्ने, म्हणजे या दोन द्राक्षांची मिश्र रेड, सगळीकडे मिळते, त्यामुळे तिचाच वापर जास्त होतो. चालते, पण जेमतेम. शिराझचा काळ्या मिऱ्याचा झणका दालचिनीशी जुळतो ही जमेची बाजू. काबर्नेचा तुरटपणा थंडीत डोकं वर काढतो ही उणी. ती वापरायचीच तर दालचिनीचा तुकडा निम्मा करावा, लवंग अजिबात घालू नये आणि संत्र्याचा रस ५० मिली वाढवावा. त्याच घरची मडेरा रेड पुष्कळ स्वस्त आहे. तिला स्वतःचं असं फारसं व्यक्तिमत्त्व नाही. पंधरा-वीस जणांसाठी मोठं भांडं भरायचं असेल तर हाच तिचा गुण ठरतो.

पोर्ट वाईन हा वेगळा घोटाळा आहे. सुलाची पोर्ट वाईन १००० असो की गोव्यात घरोघरी दिसणारी विनिकोलाची पोर्ट, या गोड वाईन्स आहेत. त्यांत आणखी संत्र्याचा रस आणि साखरेचा पाक पडला की खोकल्याचं औषध तयार होतं. पण नियम थोडा वाकवला तर पोर्टही वापरता येते: साखर शून्य, ब्रँडी शून्य, लिंबाचा रस दुप्पट म्हणजे बाटलीमागे ३० मिली, आणि सोडा वाईनच्या बरोबरीनं. गोव्यातल्या दुपारी हे पेय वाईट नाही. त्याला सांग्रिया मात्र म्हणू नये.

आता पांढऱ्या आणि गुलाबी, म्हणजे रोझे. महाराष्ट्राच्या एप्रिल-मेमध्ये खरं तर याच जास्त कामाच्या आहेत, आणि एकच बाटली घ्यायची असेल तर आमचं मत सरळ सुलाच्या शनँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनला. कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली तेव्हापासून ही त्यांच्या यादीत आहे. किंचित गोडसर, अननस-पेरूच्या वासाची, तुरटपणा जवळजवळ नाहीच. गोडसर असल्यामुळे पाक कमी लागतो, आणि आंब्यासारखं दांडगं फळही तिला गिळून टाकत नाही. यॉर्क आणि फ्रातेल्ली यांच्याही शनँ ब्लाँ आहेत. त्या थोड्या कोरड्या, म्हणजे कमी गोड, धाटणीच्या वाटतात, म्हणून पाक १५-२० मिलीनं वाढवावा लागतो, एवढाच फरक.

सुलाची सोव्हिन्यों ब्लाँ कोरडी आणि हिरव्या वासाची आहे, ढोबळी मिरची आणि ताज्या गवताची आठवण देणारी. ती संत्र्याशी पटत नाही. पेरूशी मात्र अप्रतिम जमते, आणि हा योगायोग नाही. सोव्हिन्यों ब्लाँच्या वासाला कारण असलेली काही गंधकयुक्त संयुगं पेरूच्या वासातही असतात. अर्धकच्चा पेरू, कैरीच्या चकत्या, पुदिना आणि चिमूटभर मीठ, बस्स. झिनफंडेल रोझे स्ट्रॉबेरीसाठी राखून ठेवावी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एप्रिलपर्यंत बाजारात असते, तोवर तिचं काम होतं. नंतर कलिंगडाबरोबर वापरता येते, पण कलिंगड पाणी सोडतं, म्हणून तेव्हा सोडा निम्मा करायचा.

फसफसणाऱ्या वाईन्सबद्दल थोडक्यात: शँदों किंवा झॅम्पा स्वारेची बाटली फळांत ओतू नये. बुडबुड्यांचे पैसे मोजायचे आणि मग बर्फ ढवळून तेच घालवायचे, याला अर्थ नाही. बुडबुडे सोड्यातून येतात. कॅनमधल्या गोडसर वाईन्स, म्हणजे सुलाची दिया किंवा फ्रातेल्लीची टिल्ट, सहलीला उत्तम आहेत. त्यांत एक संत्र्याची फोड आणि बर्फ घातला की काम झालं; सांग्रियाचा पाया म्हणून त्या दुबळ्या पडतात.

बाटली कोणती हे ठरल्यावर ती कुठून घ्यायची हेही बघावं. मे महिन्यात दुकानाच्या दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात महिनोनमहिने उभी असलेली बाटली घेऊ नये. तापलेल्या वाईनचा ताजेपणा जातो आणि तिला शिजवलेल्या फळाचा, मुरांब्यासारखा वास येतो. बूच असलेल्या बाटलीत बूच किंचित वर आलेलं दिसलं तर ती तापली आहे हे ओळखावं. फिरकीच्या झाकणात ही खूण दिसत नाही, म्हणून दुकानच वातानुकूलित बघावं. लेबलवरचं साल आणि बाटलीत भरल्याची तारीख वाचावी. नाशिक-दिंडोरीकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. पांढरी आणि रोझे शक्यतो चालू किंवा आदल्या वर्षाची घ्यावी, कारण या वाईन्स मुरवून ठेवायच्या नसतात. तीन वर्षांची शनँ ब्लाँ सवलतीत मिळतेय म्हणून हुरळून जाण्यात काही राम नाही.

आता प्रमाण. एका ७५० मिली बाटलीला, सहा जणांसाठी, रेड सांग्रिया:

वाईन ७५० मिली, संत्री २ (साल आणि साधारण १४० मिली रस), साखर ३० ग्रॅम, लिंबाचा रस १५ मिली, ब्रँडी ६० मिली, एक करकरीत सफरचंद, दालचिनीचा इंचभर तुकडा, आणि शेवटी साधा सोडा ३०० मिली.

इथे सगळ्यात मोलाची गोष्ट संत्र्याची साल आहे, रस नव्हे. सांग्रियाचा वास सालीतल्या तेलात असतो. ते काढायचं तर सालीच्या पातळ पट्ट्या साखरेबरोबर बोटांनी चांगल्या दोन-तीन मिनिटं चुरायच्या आणि झाकून दोन तास बाजूला ठेवायच्या. साखर तेल ओढून घेते आणि ओलसर, पिवळसर होते. वाटीचं झाकण काढल्याबरोबर खोलीभर वास सुटला पाहिजे. मग त्यातच संत्र्याचा रस ओतून साखर पूर्ण विरघळवायची आणि साली काढून टाकायच्या. कोरडी साखर थेट गार वाईनमध्ये घातली तर ती तळाशी बसते. पहिले चार ग्लास आंबट आणि शेवटचे दोन शिऱ्यासारखे गोड होतात ते त्यामुळे.

पण इथे नागपुरी संत्रं एक खोडा घालतं. त्याची साल सैल असते, आत पोकळी असते, त्यामुळे बटाट्याचं सोलाणं तिच्यावर चालत नाही; ते साल दाबतं, फाडतं आणि रस गळायला लागतो. नागपुरी संत्रं आधी नेहमीसारखं हातानं सोलायचं. मग सालीचे मोठे तुकडे पाटावर उलटे ठेवून आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेनं खरवडायचा. खरवडलेल्या तुकड्यातून उजेड दिसायला लागला की थांबायचं. पांढरा भाग राहिला तर पूर्ण भांडं कडू होतं. शिवाय नागपुरी संत्र्याचा मृग बहार साधारण एप्रिलपर्यंत संपतो. त्यानंतर बाजारात येणारी परदेशी, घट्ट सालीची संत्री सोलायला सोपी असतात, पण त्यांच्यावर मेणाचा थर असतो. ती कोमट पाण्यात बुडवून स्वच्छ ब्रशनं घासून घ्यावी, नाहीतर साखरेत तेलाऐवजी मेण उतरतं.

मे महिन्यात संत्रं महाग म्हणून मोसंबी वापरायचा मोह होतो. वापरावी, पण तिचा स्वभाव ओळखून. मोसंबीचा ताजा रस गोड असतो आणि तासाभरात कडू व्हायला लागतो, हे रसवंतीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो काढून ठेवत नाही. फळाच्या पांढऱ्या पडद्यांत आणि बियांत एक निर्गंध, बेचव पदार्थ असतो. फळ कापलं, रस निघाला की रसातल्या आम्लामुळे तो हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन कमालीचं कडू. म्हणजे मोसंबीच्या सालासकट गोल चकत्या करून त्या रात्रभर वाईनमध्ये भिजवणं हा सांग्रिया बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, आणि फोटोत सुंदर दिसतो म्हणून तोच सर्वाधिक वापरला जातो. मोसंबीचा रस पाहुणे दारात आल्यावर काढावा, हलक्या हातानं, बिया न चिरडता, आणि ओतावा. चकत्या हव्याच असतील तर वाढताना ग्लासाच्या कडेला लावाव्यात.

कागदी लिंबाचंही तसंच. स्पॅनिश कृतींमध्ये लिंबाच्या चकत्या सांगितलेल्या असतात, पण तिकडचं लिंबू मोठं, पिवळं, सुगंधी सालीचं. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ आणि कडवट असते. फक्त रस घ्यावा. वाईन आंबटपणात कमी वाटली तर १५ मिलीवरून २५ पर्यंत जाता येतं. त्यापुढे लिंबाचीच चव येऊ लागते.

ब्रँडीवर पैसे उधळू नयेत. तिथे तिचं काम ६० मिलीचं, आणि ते काम सालीचा वास धरून ठेवण्याचं आहे. दुकानात मिळणारी साधी ब्रँडी पुरते. व्हॅनिलाचा किंवा जळक्या साखरेचा वास भपकन येणारी असेल तर ४५ मिलीवर थांबावं. व्हाइट रम चालते, व्हिस्की नाही. ट्रिपल सेक, म्हणजे संत्र्याच्या स्वादाची गोड दारू, हवं असं पुष्कळ कृती सांगतात. सालीची साखर नीट केली असेल तर ट्रिपल सेक पूर्ण अनावश्यक आहे, आणि वाचलेल्या पैशांत दुसरी बाटली येते.

दालचिनीबद्दल सावधगिरी: किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड सालीची, तिखट जात. वाईनमध्ये ती दोन तासांत पुरेशी उतरते. जास्त वेळ राहिली तर पेय बुळबुळीत व्हायला लागतं, आणि वास फोडणीच्या भाताकडे वळतो. दोन तासांनी आठवणीनं काढावी. लवंग घालायचीच तर एक. तीन घातल्या तर बाकी सगळं कशाला घातलं असा प्रश्न पडतो.

क्रम असा: सकाळी सालीची साखर. दुपारी त्यात रस, लिंबू, ब्रँडी, सफरचंदाचे सेंटीमीटरभर चौकोनी तुकडे, दालचिनी आणि वाईन. झाकून फ्रिजमध्ये चार तास, जास्तीत जास्त सहा. दालचिनी मध्येच काढायची. संध्याकाळी बर्फ आणि सोडा. रात्रभर मुरवली तर अधिक चांगली होते ही समजूत सफरचंदापुरती खरी आहे. संत्र्याच्या फोडी, स्ट्रॉबेरी किंवा द्राक्षं रात्रभरात रंग सोडून पांढुरकी, मऊ पडतात. स्ट्रॉबेरीला एक तास पुरे. केळं कधीच नाही.

भांडं काचेचं किंवा चांगल्या स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, कल्हई उडालेलं पितळ-तांबं तर मुळीच नको, वाईन आम्लधर्मी असते. चिनीमातीची बरणी दिसायला झकास, पण तिच्यात कधी काळी लोणचं भरलेलं असेल तर मेथी-हिंगाचा वास वाईनमध्ये परत येतो. कितीही घासली तरी.

सोड्याविषयी: क्लब सोड्यात क्षार घातलेले असतात, त्यामुळे लाल वाईनबरोबर तो किंचित खारट लागतो, पांढऱ्या वाईनच्या पेरू-कैरीत तोच चांगला. रेडसाठी साधा सोडा. गोटी सोडा मिळत असेल तर त्याचा जोर जास्त असतो, पण साधाच मागा, मसाल्याचा नव्हे. स्प्राइट किंवा लिमका ओतायची तर साखर पूर्ण बंद करावी. आणि सोडा भांड्यात एकदम ओतू नये, प्रत्येक ग्लासात ५० मिली वरून घालावा. भांड्यात ओतलेला सोडा दुसरी फेरी होईपर्यंत मेलेला असतो.

बर्फ हा घरच्या सांग्रियाचा दुबळा दुवा. फ्रीजरमधल्या छोट्या तुकड्यांना कोथिंबीर, मासळी, काल उरलेली भाजी या सगळ्यांचा वास लागतो, आणि ३८ अंशांच्या गच्चीवर ते दहा मिनिटांत विरघळतात. उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या दोन वाट्यांत झाकून गोठवावं. असे मोठे ढेकळ हळू वितळतात. त्याहून चांगला उपाय नाशिकचाच आहे. थॉमसन किंवा शरद सीडलेस द्राक्षं मार्चमध्ये स्वस्त असताना धुऊन, पूर्ण कोरडी करून, एका थरात गोठवायची आणि मग पिशवीत भरून ठेवायची. ग्लासात सात-आठ गोठलेली द्राक्षं टाकली की पेय गार राहतं, पातळ होत नाही. कोरडी न करता गोठवली तर त्यांचा एकच दगड होतो आणि तो पोळपाटावर आपटावा लागतो.

वाईन आधीच गार असली तर बर्फ निम्मा लागतो. खोलीच्या तापमानावरची बाटली फ्रिजमध्ये गार व्हायला साधारण तीन तास घेते. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवलेली बाटली इतकी लवकर गार होत नाही, पाणी हवंच.

पांढऱ्या सांग्रियाचं प्रमाण वेगळं आहे. शनँ ब्लाँ ७५० मिली, घट्ट पिकलेल्या केशर आंब्याचे तुकडे १५० ग्रॅम, कैरीच्या कागदासारख्या पातळ चकत्या ३० ग्रॅम, लिंबाचा रस २० मिली, पुदिन्याची आठ-दहा पानं, पाक जास्तीत जास्त २० मिली, सोडा २५० मिली. ब्रँडी नाही. पाक म्हणजे १०० ग्रॅम साखर १०० मिली गरम पाण्यात विरघळवून गार केलेला, तारेबिरेचा नाही. हापूस इथे वाया जातो. त्याचा गर मऊ असल्यामुळे दोन तासांत वाईनचं पन्हं होतं, आणि हापूस असा लपवून खायचं फळही नाही. आंबा वाईनमध्ये मुरवायला एक तास पुरतो. पुदिना चुरडायचा नाही, तळहातावर एक टाळी वाजवून टाकायचा. चुरडला की काळा पडतो आणि पाल्यासारखा लागतो. स्पेनमध्ये आरागॉनकडे पीच वाईनमध्ये भिजवून खायची जुनी रीत आहे. आंबा आणि शनँ ब्लाँ ही त्याच गोत्रातली जोडी म्हणायची. लाल वाईन आणि आंबा मात्र एकत्र आणू नयेत, दोन्ही एकमेकांना मारतात.

डाळिंबाचे दाणे दोन्हींत चालतात, अख्खे. मिक्सरमधून काढले तर बिया भरडल्या जाऊन तुरट रस येतो. करवंदं आणि जांभळं चवीला सुरेख, पण तुरट. ती शनँ ब्लाँमध्ये घालावी, रेडमध्ये नाही. अमृत कोकम घालून बघायचा मोह कोकणातल्या प्रत्येकाला होणार. बाजारच्या बहुतेक बाटल्यांत जिरं आणि मीठ असतं, ते रोझेत भयंकर लागतं. घरचं, नुसत्या साखरेत मुरवलेलं कोकम असेल तर पाकाच्या जागी ३० मिली घालून रंग आणि आंबटपणा दोन्ही साधतात.

ही सांग्रिया सरबतासारखी उतरते, म्हणून तिचा जोर आकड्यांत सांगितलेला बरा. वाईन १२.५ टक्क्यांची आणि ब्रँडी ४२.८ टक्क्यांची धरली तर वरच्या रेड प्रमाणात एकूण शुद्ध अल्कोहोल सुमारे ११९ मिली येतं. सोडा धरून पेय सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास, २०० मिली बर्फ वितळला की आठ टक्के. सहा ग्लास केले तर प्रत्येकात जवळपास २० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे पाऊण लार्ज पेग. तीन ग्लास झाल्यावर गाडीची किल्ली मागणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. खरं तर एकानंतरच.

आणि एवढा खटाटोप नको असेल तर स्पेनमधलेच लोक उन्हाळ्यात घरी काय पितात तेही पाहावं. तिथे पर्यटकांसमोर सांग्रियाचा जार येतो. स्थानिक माणूस बहुतेक वेळा तिंतो दे वेरानो मागतो. लाल वाईन आणि गासेओसा नावाचा हलका गोडसर सोडा, निम्मं-निम्मं, बर्फ, लिंबाची फोड. दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे याला मडेरा रेड, मुंबईत मिळत असेल तर ड्यूक्स लेमोनेड निम्मं आणि साधा सोडा निम्मा असं मिश्रण पुरतं. कामाच्या दिवशी, चार जणांत, आमच्या मते हेच सांग्रियापेक्षा सरस.

तयार बाटलीतल्या सांग्रियाबद्दल: युरोपीय संघाच्या २०१४च्या नियमानुसार नुसतं "सांग्रिया" हे नाव विक्रीसाठी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्या पेयालाच लावता येतं, आणि त्यात अल्कोहोल किमान ४.५ टक्के व १२ टक्क्यांहून कमी असावं लागतं. रंग घालायला परवानगी नाही. आयात बाटली विकत घेताना हे लेबलवर पडताळून पाहता येतं. चवीला त्या गोडाकडे झुकतात. लिंबू आणि सोडा आपला आपण वाढवायचा. हॉटेलात जार मागवताना एकच प्रश्न विचारावा: फळं आत्ता कापली की दुपारी? जारमधलं सफरचंद तपकिरी आणि संत्र्याच्या चकत्या फिकट पडलेल्या दिसल्या तर बिअर मागवलेली बरी.

उरलेली सांग्रिया गाळून, फळं काढून, झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ठीक राहते. सोडा पडलेली असेल तर ठेवण्यात अर्थ नाही. गाळलेली फळं वाटीत तशीच ओट्यावर ठेवू नयेत. त्यांनी चार तास वाईन आणि ब्रँडी प्यायलेली असते, आणि घरातली लहान मुलं ती फ्रूट सॅलड समजून खातात. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, ती या सफरचंदाच्या तुकड्यांनाही लागू धरावी. मोठ्यांसाठी तीच फळं फ्रीजरमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी व्हॅनिला आइस्क्रीमवर घालता येतात. फक्त संत्र्याची साल राहिली असेल तर आधी वेचून काढावी.